खुलासा येत होता तोवर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दहावीला प्रसारमाध्यमांचा धडा शिकवताना एका मुलाने विचारलं, "टिळकांच्या अग्रलेखाला इंग्रज सरकार घाबरायचं, मग आता एवढे पेपर निघतात तरी कुणी का घाबरत नाही?" तुम्ही त्याला सांगितलंत, की लोकांचं वाचन कमी झालंय. पण ते उत्तर तुमचं तुम्हालाच पटलं नाही.

बरं झालं पटलं नाही. मी एका मराठी दैनिकात ३४ वर्षं काढली, त्यातली २२ जिल्हा डेस्कवर. लागलो तेव्हा आमच्याकडे अजून हाताने खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळत होते. सुटलो तेव्हा पानं संगणकावर लागत होती. या सगळ्या काळात माझ्या डोळ्यांदेखत खप वाढत गेला आणि त्याच वेळी दरारा ओसरत गेला. म्हणजे वाचन घटलं ते खूप नंतर, दरारा त्याच्या आधीच निघाला होता. त्यामुळे खरा प्रश्न 'किती लोक वाचतात' हा नाहीच. छापून आलेल्या मजकुराला उत्तर देणं कुणाला भाग पडतं, हा खरा प्रश्न आहे. डेस्कवर आम्ही पेपरचं वजन त्यावरून जोखायचो: खुलासे किती आले?

खुलासा म्हणजे काय हे मुलांना समजावं म्हणून एक प्रसंग सांगतो. ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. एका खेड्यातून वार्ताहराची बातमी आली, एसटीच्या पार्सलने, पाठकोऱ्या कागदावर. गावातला हातपंप तीन आठवडे बंद, बायका दीड कोसावरून पाणी आणतात. मी सात ओळी केल्या आणि पाचव्या पानावर तळाला सिंगल कॉलम लावली. शीर्षकही धड आठवत नाही. पण त्या काळी जिल्ह्याच्या ठिकाणी माहिती कार्यालयात सकाळी अंक चाळले जायचे. कारभाराबद्दल काही असेल त्यावर लाल पेन्सिल फिरायची, कात्रण कोऱ्या कागदावर चिकटायचं, वर पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक. ती फाईल जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर, आणि तिथून 'वस्तुस्थितीचा अहवाल सादर करावा' असा शेरा घेऊन संबंधित खात्याकडे. तिसऱ्या दिवशी पंचायत समितीची जीप मेकॅनिक घेऊन त्या गावात पोचली. सहाव्या दिवशी आमच्याकडे खुलासा आला: सदर हातपंप 'बंद' नव्हता, केवळ दांड्याची पिन तुटलेली होती. आम्ही तोही छापला, तेवढ्याच जागेत. वार्ताहराने पुढच्या पाकिटात लिहिलं, पाणी येतंय, मात्र आता पंचायत समितीत मला कोणी चहा विचारत नाही.

त्या दिवशी ती बातमी किती लोकांनी वाचली असेल? गावातल्या दोन-चार अंकांवर जेवढी डोकी जमली तेवढी. पण ज्यांनी वाचायला हवी त्यांनी वाचली, आणि बाकीच्यांनीही ती वाचलीय हे त्यांना माहीत होतं. पेपरची सगळी ताकद या दोन वाचकांच्या मध्ये असते, एक वरचा आणि एक खालचा.

आता मागे जाऊ. मराठी वर्तमानपत्राची सुरुवातच या दोन वाचकांना धरून झालीय. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं. मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत, एकात मराठी, एकात इंग्रजी. आपल्याकडे हे 'पहिलं मराठी वृत्तपत्र' म्हणून शिकवलं जातं आणि इंग्रजी स्तंभ विसरला जातो. मला तोच स्तंभ महत्त्वाचा वाटतो. एतद्देशीयांना नवी विद्या कळावी, आणि एतद्देशीय काय म्हणतात ते साहेबालाही कळावं, अशी ती दुहेरी खिडकी होती.

पुढे साहेबाने वाचायची व्यवस्थाच लावली. मुंबई सरकारच्या भाषांतर खात्यात देशी पत्रं वाचली जायची आणि दर आठवड्याला त्यांचा इंग्रजी सारांश अधिकाऱ्यांकडे जायचा, 'रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स' या नावाने. आज इतिहासाचे अभ्यासक तेच अहवाल साधन म्हणून वापरतात. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा हसू आलं, कारण आमच्या माहिती कार्यालयातल्या कात्रणांच्या फाईलचे ते पणजोबाच होते.

म्हणजे ४ जानेवारी १८८१ ला 'केसरी' निघाला तेव्हा, ज्या वर्षीच्या जनगणनेत लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात दहासुद्धा नव्हती त्या वर्षी, त्याचा एक वाचक पक्का होता: सरकार. दुसऱ्या टोकाला एक जण मोठ्याने वाचतोय आणि भोवती बसलेले ऐकताहेत. सरकारला धास्ती होती ती या ऐकणाऱ्यांची. म्हणून तर व्हाइसरॉय लिटनने १८७८ मध्ये आणलेला कायदा फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता, इंग्रजी पत्रं मोकळी होती. पुढचा व्हाइसरॉय रिपन, त्याच्या कारकिर्दीत तो रद्द झाला.

तुमच्या विद्यार्थ्याचं 'सरकार घाबरायचं' हे वाक्य मी थोडं दुरुस्त करीन. घाबरलेलं सरकार गप्प बसत नाही, ते तुरुंगात टाकतं. कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहासाठी १८ महिन्यांची शिक्षा झाली. इथे एक गोष्ट आवर्जून सांगा, कारण ती नेहमी चुकते. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख त्याच वर्षी ६ जुलैचा, आणि सगळ्यांना वाटतं खटला त्याच्यावर झाला. प्रत्यक्षात खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकावर, 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेक उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त यांवर. कडक अग्रलेख सुटला आणि कविता सापडली! १९०८ मध्ये 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर सहा वर्षं मंडाले. त्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरंच चुकीची असल्याचं दाखवायचा प्रयत्न केला होता. वरचा वाचक काय वाचतो यावर माणसाची सहा वर्षं ठरली. शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतल्या कितींना वाचता येत असेल, हे मुलांनाच विचारा.

पण हा सुवर्णकाळ मुलांपुढे ठेवताना दुसरी बाजूही ठेवा, नाहीतर धडा अर्धा राहील. दखल घेतली जायची ती कुणाची? सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये 'दीनबंधु' काढला, तो आपलं म्हणणं इतर पत्रं छापत नाहीत या अनुभवातून. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत चालवला, गिरणी कामगारांची दुःखं त्यात मांडली, संघटना बांधली, आणि १८९० मध्ये कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. एखाद्या पत्राच्या प्रभावाचं उदाहरण द्यायचं तर मी हे आधी देईन. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केला, शाहू महाराजांनी त्यासाठी २५०० रुपये दिले होते. शिरोभागी तुकोबांचे शब्द होते: 'काय करूं आतां धरूनिया भीड, निःशंक हें तोंड वाजविलें'. पहिल्याच लेखात बाबासाहेबांचं म्हणणं होतं, की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत, इतरांची त्यांना पर्वा नसते.

हे वाचून मान खाली घालण्याची वेळ माझ्यावर आली आहे, आणि तीही १९२० नंतर पुष्कळ वर्षांनी. आमचे ग्रामीण वार्ताहर कोण असायचे? शिक्षक, किराणा दुकानदार, पेपरचा एजंट, एखाद्या पुढाऱ्याचा पुतण्या. गावाच्या एका टोकाला राहणारी ही माणसं. दुसऱ्या टोकाच्या वस्तीवर काय चाललंय ते आमच्या डेस्कवर यायचं ते मारहाण झाली, पोलीस ठाण्यात नोंद झाली, तेव्हाच. हातपंप तिथलाही बंद पडत असणार. त्याच्या सात ओळी माझ्याकडे कधी आल्या नाहीत, आणि मीही कधी मागवल्या नाहीत.

१९३२ मध्ये पुण्यात नानासाहेब परुळेकरांनी 'सकाळ' काढला, तिथे आणखी एक वळण आहे. ते अमेरिकेत शिकून आले होते. तोवर मराठी पत्र म्हणजे संपादकाचं मत. बातमी त्या मताला टेकू देण्यापुरती. परुळेकरांनी बातमी पुढे आणली, आणि तीही गल्लीतली. मतपत्राचं वृत्तपत्र झालं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये 'लोकसत्ता', १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स'. मध्ये १९५६ मध्ये आचार्य अत्र्यांचा 'मराठा' आला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याने जुन्या मतपत्राचा आवाज पुन्हा एकदा टिपेला नेला. आणीबाणीबद्दल मी ज्येष्ठांकडून ऐकलेलंच सांगू शकतो, तेव्हा मी नोकरीत नव्हतो. पण जून १९७५ मध्ये सरकारने पहिल्या फटक्यात सेन्सॉर बसवला, यावरून पेपर तेव्हा काय चीज होती ते कळतं.

आता मुद्द्याच्या जागी येतो. दरारा ओसरला कुठे?

माझं उत्तर अनेक सहकाऱ्यांना आवडत नाही. ते म्हणतात टीव्ही, मग मोबाइल. मी म्हणतो जिल्हा पुरवणी.

ऑफसेट छपाई आली, जागोजागी आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र पानं मिळाली. वाचक खूश. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फोटो, भजनी मंडळाची निवड, गावच्या सोसायटीची निवडणूक, सगळ्यांची नावं छापून येऊ लागली. ज्या घरांत कधी पेपर आला नव्हता तिथे तो जाऊ लागला, आणि याचं मोल मी मुळीच कमी करत नाही. पण त्याच वेळी झालं असं, की बीडची बातमी बीडच्याच पानावर राहिली. पूर्वी एक-दोन आवृत्त्याच असत. आडगावचा हातपंप पाचव्या पानावर लागला तरी तो मुंबईत मंत्रालयातही दिसायचा, आणि दुसऱ्याच जिल्ह्यातला एखादा आमदार नागपूरच्या अधिवेशनात लक्षवेधीसाठी ते कात्रण खिशातून काढायचा. पुरवण्या आल्यावर प्रत्येक जिल्हा आपलंच रडगाणं आपल्यालाच ऐकवू लागला. खालचा वाचक वाढला, वरचा तुटला. ही पानं कुणी लावली? मीच लावली. आठ-आठ जिल्ह्यांची पानं रात्री दीडपर्यंत सोडताना मला कर्तबगारी वाटायची.

दुसरी गोष्ट पैशाची. अंकाची छापील किंमत कागद-शाईच्या खर्चालाही पुरत नाही. पेपर चालतो जाहिरातीवर. हे शहरात होतं तोवर ठीक होतं, तिथे जाहिरात विभाग वेगळा, संपादकीय वेगळं, मध्ये निदान एक भिंत. पुरवण्यांबरोबर जाहिरात तालुक्यात उतरली आणि भिंत वार्ताहराच्या डोक्यातच पडली. मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या अध्यक्षाच्या कारभारावर लिहायचं, त्याच्याच वाढदिवसाच्या पुरवणीची जाहिरात गोळा करायची. यात वार्ताहराला दोष देणं सोपं आहे. मी देत नाही, कारण त्याच्या घरची चूल मी चालवत नव्हतो.

आमच्याकडचा एक प्रसंग. एका साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी ओढ्यात सोडलं जातंय, विहिरी लाल झाल्या, अशी बातमी आली. वार्ताहराने बाटलीत भरून पाणीही पाठवलं होतं. ती बाटली दोन दिवस माझ्या टेबलावर होती, झाकण घट्ट असूनही वास यायचा. दोन दिवस बातमी 'थांबवा' म्हणून निरोप. तिसऱ्या दिवशी त्याच कारखान्याच्या गळीत हंगामाच्या शुभारंभाची पानभर जाहिरात लागली. त्यानंतर बातमी गेली, चार ओळींत, 'एका कारखान्याच्या सांडपाण्यामुळे' अशी. कारखान्याचं नाव नाही, ओढ्याचं नाव नाही. खुलासा आला नाही. कुणी कशाचा खुलासा करणार? तेव्हा मला पहिल्यांदा लख्ख कळलं, की दरारा कुणी आपल्याकडून हिसकावून घेत नव्हतं, आपणच तो सुटे करून विकत होतो. २००९ च्या निवडणुकांत 'पॅकेज' हा शब्द उघडपणे कानावर आला, उमेदवाराच्या पैशाने छापलेला मजकूर बातमी म्हणून आला, आणि प्रेस कौन्सिलला त्यावर समिती नेमावी लागली. तेव्हा बाहेरच्यांना धक्का बसला. आम्हाला तालुक्यातली ती बाटली आठवली.

मोबाइलबद्दल फार लिहीत नाही, ते तुमच्या मुलांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे. आज हातपंपाचा व्हिडिओ गावातलाच पोरगा काढतो, अधिकाऱ्याला टॅग करतो आणि कधी कधी तासाभरात उत्तर येतं. म्हणजे खुलासा संपलेला नाही, त्याचा पत्ता बदलला आहे. ज्या वस्तीची बातमी माझ्यापर्यंत कधी पोचली नाही तिथूनही तो व्हिडिओ येतो, आणि इथे मी पेपरवाला असूनही मोबाइलच्या बाजूने आहे. फरक एवढाच, की त्या उत्तराचा पाठपुरावा आठव्या दिवशी कोण करणार हे ठरलेलं नसतं. पेपरात निदान एक उपसंपादक असायचा, ज्याच्या डायरीत 'हातपंप, पुन्हा विचारणे' असं लिहिलेलं असे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी अंक टाकणं थांबलं, तेव्हा अनेक घरांची सकाळची सवय मोडली ती मोडलीच. पण सवय मोडणं आणि दरारा मोडणं या वेगवेगळ्या वर्षांतल्या घटना आहेत, त्या मुलांच्या उत्तरात एकत्र होऊ देऊ नका.

हे सगळीकडे सारखं आहे असं मात्र समजू नका. पेपर कोणता, मालक कोण, जिल्हा कुठला, यावर बरंच अवलंबून आहे. अजूनही एखाद्या बातमीवरून उच्च न्यायालय स्वतःहून दखल घेतं आणि सरकारी वकिलाला उत्तर द्यावं लागतं. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस अजूनही पेपरातच दिली जाते, म्हणजे 'छापून आलं होतं' याला कायद्याच्या लेखी वजन आहे. आणि एक गंमत पाहा. व्हॉट्सॲपवर जी खोटी माहिती फिरते, त्यात पेपरच्या कात्रणाचे फोटो किती असतात! कुणीतरी बसून मथळा टाइप करतो, दोन कॉलम पाडतो, कागदाला पिवळट रंग देतो. मला अशी कात्रणं नातेवाईक पाठवतात, खरं का म्हणून विचारतात. मी आधी कॉलमची रुंदी पाहतो, मग डेटलाइन. 'मुंबई, दि. १२' असं काहीतरी सुरुवातीला असायला हवं, ते बनवणारे नेहमी विसरतात. पण लोकांना थापच मारायची तर ती पेपरच्या वेषात मारावी, असं ते बनवणाऱ्याला अजून वाटतं, हे मला तरी दिलासा देणारं आहे.

मुलाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. माझं ऐकाल तर सांगू नका, मोजायला लावा. जिल्हा ग्रंथालयात एकाच पेपरचे दोन खंड मागवा, एक १९८५ च्या आसपासचा, एक अलीकडचा, महिना तोच. दोन-दोन मुलांचे गट करा. 'खुलासा' या मथळ्याखाली किती मजकूर आहे, तो कुणाचा आहे, किती दिवसांनी आला, आणि ज्या बातमीत कुणाचंच नाव नाही अशा बातम्या किती, एवढंच वहीत उतरवू द्या. मे महिना घ्या, पाणीटंचाईच्या बातम्या भरपूर सापडतील. खंड मागवताना आठवडाभर आधी सांगावं लागतं, कारण ते बहुतेक ठिकाणी माळ्यावर बांधून ठेवलेले असतात. आणि मुलांना पानं कोपऱ्याने उलटू देऊ नका, ऐंशीच्या दशकातला कागद कडेने तुटतो. खालून तळहात घालून उचलायला शिकवा.